खांब नंबर दोन

कुळगाव, बदलापूर (पूर्व)
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५, दुपारी अडीच

ती. मालिनीवहिनींना श्यामकांतचा नमस्कार.

तुम्ही ऋताकडे नाशिकला नीट पोचलात हे खालच्या मजल्यावरच्या मीनलकडून कळलं. गुडघा कसा आहे? इथल्यासारखा शेक मिळणार नाही तिथे, पण गरम पाण्याची पिशवी सोडू नका.

इकडचं सांगायचं तर तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना रोज सकाळी सहाला पाणी घालतो. तुळशीला एक तांब्या, बाकीच्यांना अर्धा. मोगऱ्याची खालची दोन पानं पिवळी पडली होती, ती काढली. किचनचा नळ ठिबकत होता, वायसर बदलला. पेपरवाल्याला वीस तारखेपासून बंद सांगितलंय. सोसायटीत यंदा गणपती दीड दिवसाचाच केला, स्पीकर न लावता.

पाकिटावर पत्ता घालताना सवयीने ‘सौ.’ लिहिलं. ते पाकीट फाडलं आणि दुसरं घेतलं.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मध्येच म्हणाल, ‘असू दे हो भावजी.’ मग मी थांबेन. कागद मध्ये बोलत नाही. तुम्ही सोमवारी, आठ तारखेला, चौकीत जबाब द्यायला येणार आहात. त्याच्या आत हे तुमच्या हातात पडायला हवं, म्हणून स्पीडपोस्टने पाठवतोय.

आपल्या गल्लीचा शाळेच्या वेळेचा त्रास तुम्हाला सांगायला नको. पावणेसात ते साडेसात. व्हॅन, रिक्षा, स्कूटरवर तीन-तीन पोरं, आणि एकेक पोर सोडायला आणलेल्या एवढ्याल्या गाड्या. पुढच्या तोंडाशी तुंबलं की सगळे मागच्या तोंडाने घुसायचे. तुम्हीच एकदा वरून ओरडला होतात, ‘अहो, आमच्या दारात पोरं उतरवता की आमच्या घरात?’ त्यावर तुमचे हे, आमचे अण्णा, आठवडाभर हसत होते. नगरपालिकेला आपण चार अर्ज दिले, चारही मी लिहिले. उत्तर एकाचंही आलं नाही. तेव्हा मी मीटिंगमध्ये म्हटलं, मागचं तोंड मी बंद करतो.

गल्लीची रुंदी चार मीटर सत्तर. शंभर मिलिमीटरचे तीन खांब, मध्ये चार फटी, प्रत्येकी एक मीटर दहा. रिक्षा एक मीटर तीसची असते, म्हणून एक दहा. माणूस जाईल, स्कूटर जाईल, रिक्षा जाणार नाही. मधला खांब, नंबर दोन, काढता येणारा. जमिनीत पुरलेला पाइप, त्यात उतरणारा खांब, वर कडी आणि कुलूप. पाण्याचा टँकर आला, कोणाचं सामान आलं, तर काढायचा. सगळं मी माझ्या लेथवर केलं, मोरिवलीच्या माझ्या गाळ्यात.

तुम्हाला माहीत आहे, मी आठवीतून उठलो. आमची शेतं कंपन्यांत गेली, आणि त्यांतल्याच एका कंपनीत मी झाडू मारायला लागलो. मशीनवरची माणसं जेवायला गेली की चालू मशीनपाशी उभा राहून बघायचो. मायक्रोमीटर वाचायला मला कोणी शिकवलं नाही. अण्णा त्याच एरियात क्वालिटीचे साहेब होते, डिग्रीवाले. माझी पहिली नोझल त्यांनी परत पाठवली होती, आणि दुसरी हातात धरून विचारलं होतं, ‘ही कोणी केली?’ त्या प्रश्नावर मी तीस वर्षं काढली.

तर त्या मीटिंगनंतर अण्णा जिन्यात मला म्हणाले, ‘श्याम, खांब आणि पाइप यांच्यात दीड-दोन मिलिमीटर तरी सैल ठेव. ही घरातली वस्तू नाही. माती जाणार, पाणी जाणार, गंज धरणार.’

मी म्हटलं, ‘अण्णा, मी सैल काम करत नाही.’

ते म्हणाले, ‘कामाचं नाही सांगत रे, खांबाचं सांगतोय.’

मी फट दहा शतांश मिलिमीटर ठेवली. कागदाच्या जाडीएवढी. बसवला तेव्हा खांब स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरला, आतली हवा फुस्स करून बाहेर आली. पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत. ‘महिन्यातून एकदा काढ आणि ग्रीस लाव,’ एवढंच म्हणाले. तो एप्रिल होता. मी जूनमध्ये काढला नाही, जुलैमध्ये काढला नाही.

आता पाच ऑगस्टचं लिहितो. तुम्ही वर अण्णांपाशी होतात, तुम्हाला जे माहीत आहे ते लोकांनी सांगितलेलं आहे.

तुमचा फोन आला सहा बावन्नला, अण्णांच्या छातीत दुखतंय म्हणून. अँब्युलन्सला मीच सांगितलं, पुढून येऊ नका, मागून या, मी खांब काढून ठेवतो. ती सात वाजून तीन मिनिटांनी मागच्या तोंडाशी आली. तिथे व्हॅनवाला दिपेश त्याची व्हॅन लावून पोरं उतरवत होता. उल्हासनगर कॅम्प तीनचा, पिवळी पट्टीवाली व्हॅन, तुम्ही पाहिलेला आहे. त्याने व्हॅन काढली. लगेच काढली. सात चारला रस्ता मोकळा होता. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.

कुलूप उघडलं. खांब हलला नाही.

अँब्युलन्समधला माणूस स्ट्रेचर घेऊन उतरला होता. म्हणाला, ‘साहब, हम पैदल ले आते हैं.’ मागच्या तोंडापासून आपला जिना एकशे दहा पावलं. स्ट्रेचर पंचावन्न सेंटिमीटरचा. माझी फट एक मीटर दहा. वहिनी, तो आरामात गेला असता. दोन मिनिटांत वर आणि पाच मिनिटांत खाली.

मी त्याला म्हटलं, ‘दोन मिनिट रुको. पोल मैंने बनाया है. गाडी सीधी दरवाजे पे लगेगी, पेशंट को गर्दी में धक्का नहीं लगेगा.’

तो थांबला. मी ज्या आवाजात बोललो त्यामुळे थांबला. मग मी खांब पिळला, कडीत पहार घातली, पाणी ओतलं. त्याने परत विचारलं. मी परत म्हटलं, निघतोय, एक मिनिट. मला खरंच वाटत होतं की निघतोय. आणि आजूबाजूला पालक जमले होते, शाळेचं पोरगं न् पोरगं बघत होतं, आणि मला तो सगळ्यांसमोर काढायचा होता.

दिपेश जवळ आला. ‘काका, अटक गया है. स्ट्रेचर जाने दो ना. या मैं हथोडा मारूँ?’ असं म्हणून त्याने खांबाला हात लावला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्याच व्हॅनमधल्या पोरांसमोर.

नंतर आलेल्यांनी काय पाहिलं? अँब्युलन्स उभी, व्हॅन तिथेच जरा बाजूला, आणि मी व्हॅनवाल्याला मारतोय. त्यांनी आपापल्या मनाने जुळवलं. दोघातिघांनी त्याला आणखी मारलं. मी खांब ओढत होतो.

पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. दिपेश गेला आणि व्हॅनमधून जॅक घेऊन आला. नाकातून रक्त येत होतं. कडीखाली आडवी पहार घातली, पहारीखाली जॅक लावला आणि म्हणाला, ‘काका, आप पकडो सीधा.’ चौथ्या फेऱ्याला खांब कर्रर्र करून सुटला. सात एकोणीस. मी हिशेबी माणूस आहे, वहिनी. पंधरा मिनिटं.

गाडी आत गेली. जॅक तिथेच पडला होता. मी तो उचलून माझ्या स्कूटरच्या डिकीत टाकला. त्या क्षणाला कशासाठी टाकला हे मला सांगता येणार नाही. नंतर सांगता येईल, पण ते खोटं ठरेल.

संध्याकाळी हवालदार घरी आला. त्यानेच विचारलं, ‘व्हॅन आडवी होती ना?’ मी म्हटलं, होती. ‘वेळ त्याच्यामुळे गेला?’ मी सही केली. स्पष्ट अक्षरात, पूर्ण नाव.

दिपेशची व्हॅन चौकीच्या मागे उभी आहे. शाळेने त्याला काढलं. त्याच्यावर केस होईल ती तुमच्या जबाबावर पक्की होणार. तो सांगतो की जॅक त्यानेच दिला, आणि चौकीतले हसतात, ‘जॅक कहाँ है फिर?’

गेल्या मंगळवारी त्याची बायको माझ्या गाळ्यावर आली. सोनिया नाव. जीन्सच्या कारखान्यात शिलाई करते, बोटांना निळा रंग लागलेला. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘भैया, आप तो इंजिनियर हो. आप बोलोगे तो मानेंगे. इनका जॅक आपके पास रह गया क्या?’

आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी इंजिनियर म्हटलं. मी म्हटलं, देखता हूँ. जॅक तिच्या स्टुलाच्या मागे, चार फुटांवर, गोणपाटाखाली होता.

ती गेल्यावर मी बराच वेळ लेथ चालू ठेवून उभा होतो. कातायला जॉब लावलेला नव्हता.

सोसायटीत वेगळंच चाललंय. येत्या पाच तारखेला माझा सत्कार ठेवलाय, शाल-नारळ. अण्णांना मी किती धावपळ करून हॉस्पिटलात नेलं म्हणून. आणि पुढच्या तोंडालाही असेच खांब बसवायचा ठराव झाला आहे, अण्णांच्या नावाने. कमिटीतल्या कल्पेशने मला विचारलं, ‘काका, बोर्डावर काय लिहायचं?’ मी म्हटलं, नंतर सांगतो.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यात वाईट.

अँब्युलन्समध्ये तुम्हाला पुढे बसवलं आणि मी मागे अण्णांजवळ होतो. तेराव्याला तुम्ही मला विचारलंत, ‘ह्यांनी शेवटी काय सांगितलं?’ मी म्हणालो, ‘मालिनीला सांभाळा, म्हणाले.’ तुम्ही पदर डोळ्याला लावलात. ऋताने माझ्या पायाला हात लावला. नंतर कळलं की तुम्ही ते वाक्य फोटोच्या खाली लिहून ठेवलंय.

अण्णांनी तसं म्हटलं नव्हतं. मास्क बाजूला करून त्यांनी मला विचारलं, ‘निघाला का खांब?’ मी म्हटलं, निघाला. मग म्हणाले, ‘ग्रीस लाव रे.’ रागाने नाही. कंपनीत मशीनपाशी सांगायचे तसं. त्यानंतर बोलले नाहीत.

म्हणजे वर सोफ्यावर पडल्या पडल्या त्यांना कळलं होतं. गाडीचा हॉर्न मागून येतोय आणि गाडी येत नाहीये, यावरून ते काय समजायचं ते समजले होते. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मी त्यांच्या तोंडी माझा शब्द घातला. तुमचं जे एक उरलं होतं ते मी आज काढून घेतोय. हे लिहू नये असं मला फार वाटलं. पण तुम्ही त्या वाक्याच्या बळावर सोमवारी उभ्या राहाल आणि त्या माणसाविरुद्ध सही कराल. ते मला चालणार नाही.

काल शनिवारी मी चौकीत गेलो. नवा जबाब लिहून दिला, साडेतीन पानं, वेळेसकट. जॅक टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, ‘काका, दुःखात माणूस काहीही बोलतो. घरी जा. मयताच्या बायकोचं काय म्हणणं आहे ते बघू.’ जबाब ठेवून घेतला, पोच दिली नाही. मी दोन तास बाकावर बसलो, तेव्हा पोच दिली. तिची झेरॉक्स सोबत आहे, जबाबाचीही. अँब्युलन्सच्या माणसाचा नंबर जबाबात घातला आहे, त्याला आजवर कोणी विचारलेलंच नाही.

पाच तारखेला मी सत्काराच्या मंडपात जाईन. शाल घेणार नाही. याच पत्राची प्रत वाचेन, तुमचा आणि अण्णांचा शेवटचा भाग सोडून. तो फक्त तुमचा आहे.

तुम्ही सोमवारी काय सांगावं हे मी सांगणार नाही. फक्त एवढंच, की तुम्ही तिसऱ्या मजल्यावर अण्णांचे पाय चोळत होतात. तिथून मागचं तोंड दिसत नाही. मधे नारळाचं झाड आहे. मी कालच उभं राहून पाहिलं.

खांब नंबर दोन काढून टाकला. पाइपात काँक्रीट भरलं. आज सकाळी सहा पंचावन्नला पहिली व्हॅन तिथून आत आली, रविवारच्या क्लासची. हॉर्न देत आली, तुमच्या दारासमोर थांबली, पोरं उतरली. मी गॅलरीत तांब्या घेऊन उभा होतो, आज पाण्याला उशीर झाला होता.

तुमच्या घराची किल्ली मीनलकडे दिली आहे. उद्यापासून झाडांना तीच पाणी घालील. तुळशीला एक तांब्या, बाकीच्यांना अर्धा, हे तिला लिहून दिलंय.

सोमवारी चौकीच्या बाहेर मी अकरा वाजल्यापासून असेन. तुम्ही समोरून गेलात तर जाऊ द्या, ‘भावजी’ म्हणून हाक मारू नका. ती हाक आता माझी नाही.

पंधरा मिनिटांचा देणेकरी,
श्यामकांत जनू भोईर
(जबाबावर जशी केली तशीच सही, पूर्ण नावाने)