पत्र्यांवर मारायचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

शहागंजात परवा जळालेल्या गोदामाचे सिमेंटचे पत्रे आज आम्ही पालिकेतर्फे उचलले. फुटक्या पत्र्यांतून उडणारी ॲस्बेस्टॉसची धूळ विषारी, म्हणून ते आधी भिजवायचे असतात. त्यासाठीच मी टँकर मागवला. पण टँकर दिसताच गल्लीतल्या बाया हंडे घेऊन धावल्या. दुष्काळात नाही कसं म्हणणार?

सफाईवाली शांताबाईच म्हणाली, "भरू द्या साहेब. आमच्या नळाला बी धा दिस झाले पाणी नाय. आमी कोरडेच उचलतो."

उचलले. तिच्या पापण्या पांढऱ्याफटक झाल्या. मी रुमाल बांधून लांब उभा!

अहवालात मात्र 'भिजवून उचलले' असं लिहिलं. घरी येऊन दोन बादल्या पाण्यानं अंघोळ केली.

आणि आता मनात येतंय, तिनं त्या पापण्या कशानं धुतल्या असतील?