टिंबानं गिळलेली ओळ

सर, तुमाला जाऊन लय वर्षं झाली. तुमच्या शोकसभेला मी आले न्हवते. तुमी मोठे ज्ञानी होतात, असं तिथं चारचौघांनी सांगितलं म्हणे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी बोलत न्हाई, लिहायलेय. आन मुद्दाम आमच्या पिंगळी गावच्या बोलीत लिहायलेय, कारण तुमाला तिची शिसारी होती.

परभणीत स्टेशनजवळच्या त्या क्लासात तुमी आमाला युनिक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिमची मॅन्युअल पानं लिहायला शिकवायचात. कोणती कमांड काय करते हे सांगणारी पानं. शिकवायचात म्हणजे काय, ओळीच्या सुरुवातीला टिंब आन इंग्रजी 'बी' लिहिलं की ती ओळ ठळक होते, एवढा एकच मॅक्रो, म्हणजे मशीनला द्यायचा हुकूम, तुमाला धड येत होता. त्यामुळं तुमचं पान लग्नपत्रिकेसारखं दिसायचं, सगळेच मामा ठळक. कुणी काही विचारलं की "मॅन्युअल वाचा" म्हणून मोकळे. तुमी स्वतः ते कधी वाचलं न्हवतं, हे मला तवाच कळायला पाहिजे होतं.

मग पुण्याच्या कंपनीचे साहेब आले. ज्याचं पान चांगलं, त्याला नोकरी. मेंढरं राखणाऱ्या घरातली मी. मला बाहेर पडायला ती एकच वाट होती. जुन्या फाईली पुसणाऱ्या कमांडचं पान मी लिहिलं. पुसण्याआधी कॉपी काढून ठेवा, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. पडद्यावर पान उघडलं तर नेमकी तीच गायब. साहेबांनी भुवया वर केल्या. मी म्हणाले, "सर, ओळ लिहिलेली हाय. मूळ फाईल उघडून बघा." तुमी उघडली न्हाई. साहेबांकडं बघून हसलात आन म्हणालात, "'हाय' नाही, 'आहे'. आधी बोलायला शीक, मग मॅन्युअल लिही." नोकरी दुसऱ्याला मिळाली. मी पुढची कितीतरी वर्षं झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून काढली.

आता मी घरी बसून हीच पानं लिहिते आन त्याचाच पगार घेते. त्या ओळीचं काय झालं ते ऐका. त्यातल्या फाईलीचं नाव टिंबानं सुरू होत होतं आन ते नेमकं ओळीच्या सुरुवातीला आलं. सुरुवातीला टिंब दिसलं की मशीन त्या ओळीला हुकूम समजतं. हुकूम ओळखीचा नसला तर अख्खी ओळ गुपचूप गिळतं. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ आन 'अँड'ची खूण टाकायची, बास. ती खूण पानावर दिसत न्हाई, पण ओळ वाचते. मॅक्रोच्या मॅन्युअलमध्येच हाय हे. मशीनला माझं म्हणणं कळलं न्हाई, तर ते निदान गप तरी बसलं. तुमाला तेवढीबी अक्कल न्हवती.

हे पाठवायला पत्ता न्हाई, आन असता तरी पाठवलं नसतं. त्या नोकरीचं आता मला काई वाटत न्हाई. तुमी एकदा फाईल उघडून बघायला पाहिजे होती, एवढं मात्र अजून वाटतं.