मिठागरवाल्यांची फौज

पनवेल, ११ मे २०२५

ती. दादास,
विनूचा शि. सा. न. आणि डोळ्यांची चौकशी.

तुझा खोका काल पोचला. कापसात गुंडाळलेली, तू घडवलेली बत्तीस कोरी माणसं, सगळी अंगठ्याच्या पेराएवढी, आणि प्रत्येकाच्या पायाखाली तुझी चिठ्ठी. फावडं घेतलेले बाबा मी चिठ्ठी न वाचताच ओळखले. मान अशी वाकडी करून दुसरं कोण उभं राहायचं? टेबलावरच्या तुमच्या लढाईच्या खेळात तुझ्या मित्राच्या, बाळूच्या फिरंगी गलबतांशी लढायला तू आपलं अख्खं मिठागर उभं केलंस, याचं मला हसू आलं आणि मग आलं नाही.

फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस, म्हणून हे पत्र. तुला वाचता यावं म्हणून जाड काळ्या मार्करने लिहिते आहे. एका ओळीत चारच शब्द मावतात, तेव्हा कागद मोजत बसू नकोस.

मनिषा वहिनींनी सगळं सांगितलं. उजवा डोळा गेल्यात जमा, आणि डाव्यात देतात त्या इंजेक्शनांचा आता फारसा उपयोग होत नाही. या दुखण्यात आधी समोरच्याचा चेहरा जातो आणि कडेचं तेवढं राहतं, असं डॉक्टर म्हणाले. ते व्हायच्या आत तुला ही फौज रंगलेली बघायची आहे. जुलैच्या खेळाआधी ती तुझ्या टेबलावर असेल.

आईची बाहुली हातात घेतली. डोक्यावर टोपली, खोचलेला पदर, अनवाणी पाय, सगळं आहे. चेहरा मात्र तू गुळगुळीत सोडलास. तुला तो घडवता आला नाही, मी रंगाने काढावा, असं चिठ्ठीत लिहिलं आहेस. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, दादा. तरी काढीन.

शाळेत सिस्टर शिवणाच्या तासाला म्हणायच्या की टाका श्वास सोडताना घालावा. केसाएवढ्या ब्रशलाही तेच लागू पडतं, हे वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

लोभ आहेच, तो मागत नाही. इंजेक्शन चुकवू नकोस.

तुझी
विनू

नाशिक, ८ जून २०२५

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

तू पाठवलेले पहिले दहा गडी पोचले. रंग सुरेख. थर पातळ, सावल्या जागच्या जागी. पण कुरिअरवाल्याने खोका उलटासुलटा फेकला असावा, चार जणांची नाकं घासून निघाली. बाळू म्हणाला की हरेशची फौज लढण्याआधीच नाक कापून आली. त्याला मी चहा दिला नाही.

डोळे पांढरे करू नकोस, नाहीतर सगळे भूत बघितल्यासारखे दिसतात. काळी रेघ, तिच्यावर दोन ठिपके, बस. आणि वार्निशच्या डब्याला तू हात लावायचा नाही. पनवेलच्या पावसाळी हवेत फवारा मारलास तर सगळं पांढरं पडेल. ते काम मी इथे करीन.

मी आता मान तिरकी करून वाचतो. मधे एक करडा डाग असतो, पाहीन तिथे तो आधी जाऊन बसतो. मनिषाचा चेहरा परवापासून त्याच्याखाली गेला. तिला सांगितलेलं नाही.

आईचा एकही फोटो आपल्याकडे नाही, म्हणून हा सगळा उपद्व्याप. बाबा दर जत्रेला म्हणायचे, पुढच्या वेळी काढू. मला तिला एकदा समोर बघायचं आहे, विनू. मग डोळ्यांचं व्हायचं ते होवो. तिला सगळ्यांत शेवटी रंगव, हात बसल्यावर.

खेळ २७ जुलैला, रविवारी. बाळू आणि खेळातला आमचा तिसरा मित्र स्वानंद, दोघेही येणार आहेत. हाताला आणि मानेला जप.

तुझा
दादा

पनवेल, ६ जुलै २०२५

सौ. मनिषा वहिनींस,
सा. न. हे पत्र दादाला दाखवू नका.

बत्तीसच्या बत्तीस पूर्ण झाले होते. पहिले दहाच्या दहा तुम्ही परत पाठवलेत, त्यांतल्या चौघांची घासलेली नाकंही दुरुस्त केली. आईला आठवडा लागला. हिरवं लुगडं, मिठाने पांढुरकी झालेली पावलं, हनुवटीवरचं गोंदण. ते झाल्यावर मी ब्रश धुऊन ठेवले.

दादाचा हात आता थरथरतो, फवारा भलतीकडे जाईल, असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. आईचा चेहरा खोक्यात घासला गेला तर, हे माझ्या डोक्यातून जाईना. काल सकाळी ऊन पडलं. तळोज्याच्या कारखान्यांकडचा वासही नव्हता. मी सगळ्यांना पाटावर उभं करून गच्चीवर नेलं आणि वार्निश मारलं.

दुपारपर्यंत सगळे पांढरे झाले. एकूण एक. राख फासल्यासारखे, आणि हाताला खरखरीत. तेलाचं बोट फिरवून पाहिलं, वर चकचकीत वार्निशचा दुसरा हात देऊन पाहिला. पांढरेपणा आतच बसला. पेणला गणपतीच्या कारखान्यात महादेव रंगारी ओळखीचा आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला की वार्निश दमट हवा पिऊन बसलं, आता खरवडून पुन्हा रंगवणं एवढंच. तीन आठवड्यांत बत्तीस होणार नाहीत, वहिनी. माझ्या मानेला तर आठही झेपणार नाहीत.

मासळीवाली मालू दारात आली, तिने पाट बघितला आणि म्हणाली, “बाय, यांच्या आंगावर तं मीठ आलंय.” मी तिच्यासमोर रडले. तिने त्या दिवशी घासाघीस न करता बोंबील दिले.

दादाने बजावून सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. त्याला काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

तुमची
विनिता

नाशिक, १२ जुलै २०२५

प्रिय विनिताताई,
नमस्कार.

मंगळवारी ह्यांच्या डाव्या डोळ्यात आतल्या आत रक्त आलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, आता काही करण्यासारखं नाही. समोरचं सगळं गेलं. कडेकडेचं हलतं-डुलतं तेवढं समजतं.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले की विनूला कळवू नकोस, ती घाई करील आणि मान धरून बसेल.

तुम्ही फौज आहे तशी पाठवा. रंग ह्यांना आता दिसणार नाहीत, तेव्हा पांढरे काय आणि हिरवे काय. सोबत एक पत्र द्या, कोणाला कोणता रंग दिला ते छान लिहा, मी वाचून दाखवीन. बाळूभाऊजी आणि स्वानंदभाऊजींना मी सांगून ठेवते. ह्यांना एक दुपार चांगली मिळू दे. हे चूक असेल तर पाप माझ्या माथी.

तुमच्या मानेला शेक घ्या.

तुमची
वहिनी

पनवेल, १८ जुलै २०२५

ती. दादास,
विनूचा नमस्कार, फौजेसकट.

वहिनी, सावकाश वाचा.

दादा, सगळे निघाले. बाबांची बंडी मळखाऊ निळी केली आहे, फावड्याच्या पात्यावर गंजाची कड. रामूकाकांच्या मुंडाशाला शेंदरी. बांधावर बसलेल्या तिघांच्या पाठी उन्हाने रापलेल्या, आधी तपकिरी, वर किंचित केशरी. आईचं लुगडं हिरवं, तिच्या सणाचं. चेहरा जमला. तीच आहे.

वार्निश मारलेलं नाही, तू सांगितलं होतंस ना. खेळात हरलास तर मला कळवू नकोस.

तुझी
विनू

नाशिक, ३ ऑगस्ट २०२५

चि. विनूस,
आशीर्वाद. हे मी स्वतः लिहितो आहे, कागदावर पट्टी ठेवून. ओळी एकमेकींवर चढल्या तर लावून घे.

खेळ झाला. बाळू जिंकला. दोघांनी तुझ्या रंगांचं इतकं कौतुक केलं की मला तिथेच कळलं, कारण बाळूने आजवर कोणाचं कौतुक केलेलं नाही. पहिला गडी हातात घेतला तेव्हाच बोटाला खरखर लागली होती. आणि माझ्या कडा अजून शाबूत आहेत हे मनिषा विसरली. तिरकं पाहिलं तर टेबलावर नुसता पांढरा पुंजका. मी स्वानंदला विचारलं, आईच्या लुगड्याचा रंग कोणता. तो म्हणाला, लाल. मी म्हटलं, छान आहे. चौघं चहा प्यालो.

मी रागावलो नाही. डोळा जाण्याआधी पोचली असती, तरी काय दिसलं असतं? जून संपेपर्यंत डाग एवढा मोठा झाला होता.

पुढचं मात्र माझ्या हातून झालं. वरचा पांढरा थर निघाला तर कडेने निदान हिरवं दिसेल, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आईला थिनरमध्ये बुडवलं. किती वेळ ठेवायचं ते बघायला मला डोळे नाहीत, आणि मनिषा बाजारात गेली होती. ती आली तेव्हा वाटीत हिरवं पाणी होतं. बाहुली कोरी, मी पाठवली होती तशी. तू काढलेला चेहरा गेला, विनू. मनिषा तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही आणि मी तिच्याशी.

आता एक मागतो. डोळ्यांपाठोपाठ आतलंही पुसट होत चाललं आहे. आई म्हटलं की टोपली दिसते, पाय दिसतात, वर काही नाही. तू काढला होतास, म्हणजे तुझ्याकडे तो आहे. कसा होता ते लिही. नाक कसं, डोळे कसे, हसताना काय व्हायचं. मनिषा वाचून दाखवील. माझ्याकडे आता ऐकण्यापुरतंच उरलं आहे.

वाट बघतो.

दादा

पनवेल, १० ऑगस्ट २०२५

ती. दादास,
विनूचा नमस्कार.

वहिनी, मधे थांबू नका, शेवटपर्यंत वाचा.

दादा, चार दिवस लिहायला बसते आणि उठते. खोटं लिहिणं सोपं होतं. चाफेकळी नाक आणि टपोरे डोळे लिहिले असते, तू मान डोलावली असतीस.

आईला रंगवायला घेतलं तेव्हा मी आठवडाभर तिचा चेहरा आठवत बसले होते. हाताच्या भेगा आठवल्या. घामाचा वास आठवला. मला शाळेच्या फाटकाशी सोडून, सिस्टरना दिसू नये म्हणून ती भिंतीआड उभी राहायची, ते लुगड्याचं टोक आठवलं. चेहरा आला नाही. मग तुला कबूल केलेली तारीख जवळ आली आणि मी टेबलावर आरसा ठेवला. गोंदण तेवढं मी तिचं घातलं, आणि तेही बरोबर जागी होतं की नाही, मला ठाऊक नाही. ती चौतिसाव्या वर्षी गेली. मी तिला बासष्ट वर्षांच्या बाईचा चेहरा दिला.

तू थिनरमध्ये धुतलास तो माझा चेहरा होता. तिचा माझ्याकडे नव्हताच. तेव्हा वहिनींशी बोल.

तुला लिहून पाठवायला माझ्याकडे काही नाही, दादा.

तुझी
विनू