शकूरभाईंच्या दुकानातलं अंजिरी लुगडं

चिखली,
ता. ११ जानेवारी १९३७

चि. सौ. रुख्मिणीस अन्नपूर्णाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा मलकापूरला आगगाडीतून उतरले, तर शकूरभाई दुकान आवरून बऱ्हाणपूरला भावाकडे निघालेले. सारा रेशमी माल निम्म्या भावात काढलाय. तुझ्या पुष्पाच्या लग्नाचा शालू तिथेच घे, पण संक्रांत झाली की लगेच जा.

स्वस्त दिसलं की तुझा हात थांबत नाही, म्हणून सांगते. काय घ्यायचं ते घरूनच ठरवून नीघ. सकाळी जा आणि लुगडं दारात, उन्हात आणून पाहा. घडी पूर्ण उलगड. पडून राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं. ओला रुमाल काठावर दाबून रंग सुटतो का बघ. काठाची जर उलट्या बाजूनेही पाहा. आणि सासूबाईंना आधी काही बोलू नकोस.

पत्राला उशीर कर, मायेला नको.
तुझी ताई

धामणगाव बढे,
ता. २० जानेवारी

ती. सौ. ताईस रुख्मिणीचा शि. सा. न. वि. वि.

न बोलून काय होते, सासूबाई बैलांच्या दमणीत माझ्या आधी बसल्या. नातीच्या लग्नाले उरलासुरला माल काऊन, असं अर्ध्या वाटेपर्यंत चालू होतं. दुकानात मात्र त्यांनी माझ्यापेक्षा जास्त घड्या उलगडल्या. मला आवडलेला जांभळा शालू त्यांनीच उन्हात धरून घडीवरची चीर दाखवली. शकूरभाईंनी तो बाजूला ठेवला आणि कपाटातून डाळिंबी काढला. तो घेतला. कुठे डाग नाही.

पण ताई, एक झालं. बारीक जरीकाठाच्या एका अंजिरी लुगड्यावर सासूबाईंचा हात गेला, तो निघेचना. विचारलं तर म्हणाल्या, मले काय करायचं आता. मामंजींना जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हापासून त्यांनी जर अंगाला लावलेली नाही. त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात मी ते बांधून घेतलं, माझ्यासाठी पसंत केलेलं लुगडं सोडून. आता पेटीत दडवलंय आणि जीव धास्तावलाय. लोक त्यांना बोलतील, त्या मला. काय करू ते कळव.

आहे तशीच जवळ धर.
रुख्मी

चिखली,
ता. २७ जानेवारी

चि. सौ. रुख्मिणीस आशीर्वाद. वि. वि.

घरून ठरवून जा म्हटलेलं तू ऐकलं नाहीस, हे पहिल्यांदाच बरं झालं. लुगडं तू देऊ नकोस, शेषरावांच्या हातून दे. सुनेला त्या नाही म्हणतील, लेकाला म्हणणार नाहीत. माझ्या सूनबाईचे दिवस भरलेत, मला लग्नाला येणं जमणार नाही. सगळं सविस्तर लिही.

ताई

धामणगाव बढे,
ता. २६ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

लग्न छान झालं. लुगडं यांनीच दिलं. सासूबाईंनी ते संध्याकाळपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. मग म्हणाल्या, मांडवात लोकाईचं बोलणं कोण ऐकीन. हे म्हणाले, मी ऐकतो, तू नेस.

आणि आशाबाई, यांची चुलती, पंगतीत बोललीच, की या वयात जरीचं कशाले. सासूबाईंनी तिच्या पानात बुंदी वाढता वाढता सांगितलं, की नात माही, लगन माहं, अन् लुगडंही माहं. तिने बुंदीला हात घातला. मी आत जाऊन डोळे पुसले.

आज चौथा दिवस, रोज तेच नेसतात. सकाळी हरभऱ्याच्या वावरात निघाल्या. पानांवरची आंबट आंब लागून रेशीम जाईल म्हणून मी अडवलं, तर म्हणाल्या, बांधावर बसीन. दुपारी भाकर घेऊन गेले. खरंच बांधावर बसल्या होत्या, पदर गुडघ्यावर पसरून, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाया थांबून तो हातात घेऊन पाहत होत्या.

सूनबाईची आणि बाळाची खुशाली कळव. जीव लावतेस तसाच लाव.
तुझी रुख्मी