रबरी पाइप आणि जळकं तेल

अण्णा, परवा मी माझ्या गाडीचे चारही रबरी ब्रेक पाइप काढून टाकले. त्यातला पुढच्या डाव्या चाकाचा पाइप हातात घेऊन बराच वेळ गॅरेजच्या पायरीवर बसले होते. बोटांनी दाबला की दबत होता, शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. शेवटी ठरवलं, तुमच्यावरच काढायचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भांडायला बापाइतकं हक्काचं माणूस मला अजून मिळालेलं नाही.

आधी गाडीचं सांगते, कारण ती तुम्ही पाहिलेली नाही. लहान, बुटकी, मी जुनीच घेतली, पण इंजिन असं की पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. बाजारात लोक विचारतात, "ह्या गाडयेत बसता कोण आणि मासळी ठेवता खंय?" विचारू देत. दिवसभर दुसऱ्यांच्या रिक्षा आणि टेम्पो दुरुस्त करते, एक गाडी माझ्या हौसेची असली तर कुणाच्या पोटात का दुखावं? पुढच्या महिन्यात घाटात चढाईची शर्यत आहे आणि मी नाव दिलंय. तिचाच सराव करून गेल्या आठवड्यात घाट उतरत होते. काही वळणं जोरात घेतली, ब्रेकवर बराच भार पडला, आणि पुढच्या वळणाला पेडल नुसतं खाली जात राहिलं. पायाखाली काही नाहीच. हँडब्रेक ओढला, गियर खाली टाकला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती. गाडी टेम्पोत घालून घरी आणली तेव्हा चिखलाने भरलेलं चाक आईने पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "विक ती गाडी." तेव्हापासून ती माझ्याशी जेवायला बोलावण्यापुरतंच बोलत होती.

मऊ पाइप ब्रेक दाबला की नुसता फुगतो, पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. आता तो का मऊ झाला ते सांगते, म्हणजे मी का रागावलेय ते तुम्हाला कळेल. तुमची ती पावसाळ्याआधीची पद्धत आठवतेय ना? मे महिना संपत आला की गॅरेजसमोर गाड्यांची रांग. तुम्ही गाडीखाली उताणे, हातात नारळाच्या सोडणाची कुंची, तो काथ्याचा ब्रश, बाजूच्या डब्यात इंजिनातून काढलेलं जळकं तेल. पत्रा, नट, स्प्रिंगा, पाइप, जे दिसेल त्याला तेल चोपडायचं. खारी हवा लोखंड खाते, तेलाने ते वाचतं, हे तुमचं खरंच होतं. आजोबा होडीला माशाचं तेल लावायचे, तुम्ही गाडीला जळकं लावलंत. मी सोळा-सतरा वर्षांची असताना कुठल्याशा गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून तुम्हाला सांगायला आले होते की रबराला असलं तेल लावू नये, रबर फुगतं. तुम्ही गाडीखालून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाहीत. "पुस्तक लिवणाऱ्याक हयसरची हवा म्हायत आसा काय गो? होडयेक तेल लागता, मगे गाडयेक कित्याक नाय?" तिथे उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. मी कुंची उचलली आणि गाडीखाली तुमच्या बाजूला आडवी झाले. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजकडेच उघडते, आई आत नारळ खवत होती, ती मात्र हसली नाही.

तुम्ही गेल्यावरही मी दर वर्षी तेच करत आले. रबर सोडून बाकीच्याला तेल लावावं हे मला कळत होतं, पण हात तुमचा होता, तो सगळीकडे फिरायचा. माझ्या या गाडीलाही तसंच चोपडलं. तर अण्णा, स्पष्ट लिहिते. लोखंडाबद्दल तुम्ही बरोबर होता आणि रबराबद्दल चुकला होता. मी सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं नव्हतंत. हे लिहिताना मला वाटलं होतं तितकं बरं वाटत नाहीये, पण लिहायचं होतं, लिहिलं.

नवे पाइप घाटातून आल्यावर लगेच मागवले होते, स्टेनलेस स्टीलच्या विणीचे. आत बारीक नळी, तिच्यावर तारांची घट्ट वीण. ब्रेक कितीही दाबा, पाइप फुगत नाही, पायाचा सगळा जोर चाकापर्यंत पोचतो. आपल्या हवेत स्टेनलेसलाही डाग पडतात, म्हणून वर पारदर्शक वेष्टण असलेले घेतले. बघा, हवेचं तुमचं म्हणणं मी सोडलेलं नाही. जुने नट गंजून बसले होते, रात्रभर तेलात मुरवून सोडवले. जोडांत बसणारे तांब्याचे वायसर, त्या पातळ चकत्या, सगळे नवे टाकले. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाइप कुठे चाकाला घासत नाही ना, ते वाकून पुन्हा पुन्हा बघितलं. तारांची वीण घासली तर ती समोरचंही कापते आणि स्वतःही तुटते. घाई केली नाही. शर्यतीला जायचं हे त्या गटारातच ठरवलं होतं, आणि जायचं तर ब्रेकवर भरवसा ठेवून जायचं.

राहिली पाइपांत अडकलेली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक पेडलावर. लहानपणी पेडलावर मी असायचे. खालून तुमचा आवाज यायचा, "दाब. धर. सोड," आणि मी तुम्ही सांगितल्याशिवाय पाय हलवायचे नाही. काल आईला म्हटलं, जरा येतेस का? ती पदराला हात पुसत आली, गाडीकडे शत्रूकडे बघावं तसं बघितलं आणि आत बसली. "पाय खंय ठेवू?" मधल्यावर, म्हटलं. मी खाली गेले. "दाब. धर." वरून आई, "ह्यां खाली जाता गो." मी म्हटलं, जाऊ दे, धरून ठेव. बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ ब्रेक ऑइल यायला लागलं. शेवटच्या चाकाला तिने दाबलं आणि म्हणाली, "आता जाणा नाय. घट झालां." मी बाहेर आले तर ती उतरायला तयार नाही. "ब्रेक बरे झाले मां? मगे माका बसवन घाटासून खाली हाड. तेच्या अगोदर शर्यतीचां नाव काढू नको." म्हणजे आधी तिला बसवून घाट उतरून दाखवायचा.

आज सकाळी निघताना ती नारळ घेऊन गाडीसमोर उभी राहिली. ब्रेकचं काम केलेली गाडी तुम्ही नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय बाहेर काढायचा नाहीत. तुमच्यामागे मी ते बंद केलं होतं. ब्रेक नीट बसवला असेल तर देवाला कशाला त्रास, असं माझं म्हणणं. आईने मला विचारलंही नाही. तिने सुरू केलं, आणि गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा असतो. "बा देवा म्हाराजा, ह्यां चेडू आज नव्या ब्रेकाची गाडी घेवन घाटात जाता. तेच्या वाटेर काय आडवां येयत तां दूर कर रे म्हाराजा." मी म्हटलं, व्हय म्हाराजा. "आणि तेच्या बापाशीच्या हातान काय चुकलां माकलां असात, तां पदरात घे रे म्हाराजा."

अण्णा, मी तिला तेलाचं काही सांगितलं नव्हतं. रबर जुनं झालं होतं, एवढंच म्हटलं होतं. म्हणजे त्या खिडकीतून ऐकलेलं ती इतकी वर्षं विसरली नव्हती. तिने होकारासाठी माझ्याकडे बघितलं. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग मी म्हटलं, व्हय म्हाराजा. सगळं भांडण त्यातच संपलं.

घाट वरपासून खालपर्यंत उतरले, मुद्दाम जोरात. आई दरवाजाची मूठ धरून, डोळे उघडे ठेवून बसली होती. त्याच वळणावर ब्रेक दाबला. पेडल होतं तिथेच राहिलं आणि गाडी मला हवी तिथे थांबली. खाली पोचल्यावर आईने मूठ सोडली. "बरे आसत," म्हणाली. "शर्यतीक जा. माका मात्र बघूक बोलवू नको." मी जाणार आहे, अण्णा.

हे पत्र कुठे पाठवणार? गाडीच्या कप्प्यात ठेवीन. आणि एक सांगायचं राहिलं. मघाशी परत आल्यावर त्या नव्या पाइपांना प्लास्टिक गुंडाळलं, सोडणाची कुंची घेतली, आणि गाडीखाली उताणी होऊन बाकी सगळ्याला तुमचं ते जळकं तेल लावलं.