शांता अजून तिकडेच

समुद्रपूर, २९ जाने. ५५
संक्रांतीला शांताला माझ्या सासरी पोचवलं, आठ दिवसांच्या बोलीवर. सात वर्षांची पोर, आजीचं भारी वेड. आज पंधरावा दिवस. दुपारी माझे धाकटे दीर नारायणभाऊजी शाळेत आले, एकटेच. नाताळात वर्ध्याला माझा बाप्तिस्मा झाला, ते गावात कळलंय.
"दादा गेला तवा आमी तुमाले काई बोललो नाई. आता पोरगी येनार नाई, वयनी."

३१ जाने.
वर्गात एकोणीसपैकी आठ मुली. बाकीच्यांना आयांनी घरी ठेवलं. हेडमास्तर म्हणाले, वरून पत्र आलं तर माझा इलाज नाही. माणूस वाईट नाही, घाबरलाय. मीही.

२ फेब्रु.
भाऊजी कागद घेऊन आले. मजकूर तयारच, माझ्या नावानं. दवाखान्यातल्या मार्थाबाईंनी, नवरा आजारी असताना, औषधाच्या बदल्यात मला बाटवलं. दहा तारखेला धर्मांतरांच्या चौकशीचे सरकारी साहेब येणार, त्यांच्यासमोर वाचायचा. सही केली की शांता दुसऱ्या दिवशी घरी.
सगळं खोटं. यांना क्षय झाला तेव्हा घरचं कुणी खोलीत येईना. मार्थाबाईंनी यांची पाठ पुसली, थुंकीचं भांडं धुतलं. धर्माचा शब्द नाही काढला. बायबल मी मागितलं, हे गेल्यावर. बाप्तिस्म्याचं मीच बोलले, तर म्हणाल्या वर्षभर थांब, नीट विचार कर.
तरी कागद ठेवून घेतला. का घेतला?

४ फेब्रु.
सासरी गेले. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. "उद्या ईचं लगन कोन करंन? तू तं मोकळी झाली." त्यांचं भय खरं आहे. शांता त्यांच्या मागून बघत होती. "आई, बाटली म्हंजे का झालं तुले?"
"काही नाही," म्हटलं. परतताना वाटभर तेच.

६ फेब्रु., रवि.
मार्थाबाईंच्या घरी प्रार्थना. आम्ही चौघंच. मधेच कौलांवर दगड, तीन-चार. एक कौल फुटून आत पडलं. मार्थाबाईंनी गाणं थांबवलं नाही. नंतर मी त्यांना कागद दाखवला. वाचून त्यांनी घडी घातली.
"सही कर. मी नगरकडे माझ्या भावाकडे जाईन. मला कोण आहे मागं? तुझं लेकरू आहे."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ फेब्रु.
गुडघ्यावर बसले, शब्द येईनात. नुसतं शांता, शांता. सही करून मनात विश्वास ठेवता येईल? देवाला तर ठाऊकच आहे. पण मार्थाबाईंच्या नावावर ते कायमचं राहील. शांता मोठी होऊन वाचील, आईची सही...

१० फेब्रु.
चौकशी झाली. चावडीचं अंगण भरलेलं, मार्थाबाई पुढेच बसलेल्या. साहेबांनी कागद मागितला. दिला, सहीशिवाय. हे तुमचंच म्हणणं ना, विचारलं. म्हटलं, "नाही. मला कुणी बाटवलं नाही. माझा नवरा मरत होता तेव्हा या बाईनं त्याला हात लावला. आमच्यातलं कुणी लावत नव्हतं. बाकी मी माझ्या मनानं केलं."
मागून कुणीतरी शिवी घातली. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं, काय ते दिसलं नाही. भाऊजी खाली बघत होते.

१४ फेब्रु.
शाळेतून पत्र. पुढील हुकुमापर्यंत कामावर येऊ नये. मार्थाबाई गेल्या नाहीत. दवाखाना उघडा, माणसं कमी.

१९ फेब्रु.
आज बाजार. दोरखंडाच्या दुकानापाशी समोरून सासूबाई, हाताला शांता. नव्या परकरात, जरा वाळलेली. मला बघून पळत आली नाही, आधी आजीच्या तोंडाकडे बघितलं. सासूबाईंनी तिचा हात सोडला नाही. पण पुढेही गेल्या नाहीत.
मी चार पावलं गेले. मग आणखी दोन. त्या तशाच उभ्या.