आईच्या कपाळावरचं गोंदण

आई, सकाळी तुझा फोटो माझ्या हातून गेला आणि तेव्हापासून मला भीती वाटतेय. चिकटवहीतला तो, खडकीच्या क्वार्टरच्या दारात तू उभी आहेस. हे गेल्यावर हात रिकामे राहायला लागले, तेव्हा मी ती वही केली. तुझं पान सगळ्यांत आधी पुरं झालं. फोटोखाली एक ओळ लिहिली, कुणाची आई, कुठलं दार. माझ्यासारख्या घरीच वाचायला-लिहायला शिकलेल्या बाईला अशा एका ओळीचं फार असतं. पान झालं होतं. त्याला हात लावायचं काही कारण नव्हतं.

पण माझ्या लेकीला फोटो डागाळलेला वाटला. तिनं पानावरूनच मोबाइलनं तो टिपला आणि इथल्या, वारज्यातल्या स्टुडिओवाल्याकडून साफ करून, नवा छापून आणला. "मम्मी, जुना काढ, हा लाव. आजी कसली फ्रेश दिसतेय बघ." मी बघितलं. कपाळावरचं गोंदण नाहीसं झालेलं, आणि त्या जागी लाल टिकली.

"ही कुणी लावली?"

"त्यानंच. म्हणाला, बाईमाणसाचं कपाळ मोकळं बरं दिसत नाही. मी नव्हतं हं सांगितलं. पण छान दिसतेय ना?"

"माझे बाबा गेल्यावर तिनं टिकली लावली नाही कधी."

"अगं, आता कोण विचारायला येणारे?" म्हणाली, आणि हिंजवडीची बस चुकेल म्हणून पळाली.

मला वाटलं, जुना फोटो सोडवून त्या माणसाला दाखवावा, म्हणजे तो गोंदण परत रेखून देईल. डिंक पक्का बसलेला. वाफ दिली, सुरीचं टोक अलगद घातलं. पापुद्रा सुटला तो नेमका तुझ्या कपाळाचा, आणि बोटांत त्याचा भुगा झाला. मी लेकीला फोन लावला, "तुझ्या मोबाइलमध्ये जुना असेल ना?" "नवा आला म्हणून डिलीट केला गं, आणि स्टुडिओवालाही जुने ठेवत नाही. सॉरी, मम्मी." बाकीच्या सगळ्या फोटोंत तुझा पदर भुवयांपर्यंत आहे.

मग मी गोंदण आठवायला बसले. मी लहान आहे, तू भाकरी थापतेयस आणि मला तो मळ वाटतो. मी ओल्या फडक्यानं तुझं कपाळ घासते. तू हात थांबवत नाहीस. "घास, घास. निघालं तर शेजारच्या काकूंचंही काढून दे, तेवढंच पुण्य." कपाळ लाल होईपर्यंत मी घासलं होतं. तुझा आवाज, पिठाचा वास, तव्याची धग, सगळं जागच्या जागी आहे. पण माझ्या फडक्याखाली काय होतं ते दिसत नाही. दोन ठिपके की तीन? भुवयांच्या मधोमध की जरा डावीकडे? इतकी वर्षं रोज बघितलेलं कपाळ, आणि ते मी फोटोच्या भरवशावर सोडून दिलं होतं.

दुपारी चहा टाकताना तू आठवलीस, तर टिकली लावूनच आलीस. मी गॅस बंद केला आणि खाली बसले. एका दिवसात असं होतं का गं? लेक रविवारी पुन्हा येणार आहे, पान बघायला. नव्या फोटोवर पेनानं ठिपके द्यावेत म्हणून दोनदा टोपण काढलं, पण चुकीच्या जागी दिले तर पुढं मला तेच खरे वाटतील.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला हे लिहिणं सोपं आहे. मावशी अजून खडकीतच राहते, तुझी पाठची बहीण, तिला नक्की माहीत असणार. एक फोन केला की झालं. पण मी तो केलेला नाही, आई. ती जर म्हणाली, "कसलं गोंदण?", तर?